कोण उठलं?

कुंदाताई, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून तुझे यजमान, नाना, दोन पावलं मागे सरले असतील-नसतील, तेवढ्यात आला. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर त्या दिवशी बोंबील सुकत घातलेले, ते सोडून तो तुझ्या भाताकडे आला याचं सगळ्यांना भारी कौतुक. तुझी चुलतजाऊ म्हणाली, "समाधानी होती बाय. मागं काय ठेवलं नाय तिनं." मी शेजारीच उभी होते. अगदी ओठांवर आलं होतं की काकू, हिने मागे इतकं ठेवलंय की कावळ्यांची अख्खी फौज आली तरी पुरी पडणार नाही. पण गप्प बसले. तुझ्या माणसांसमोर मी नेहमीच गप्प बसत आले, तशी तुझी ताकीदच होती.

तर आता बोलते. राग आलाय मला तुझा, आणि तो आधी सांगून टाकते म्हणजे पुढे तुझ्याबद्दल बरं बोलायला मोकळी. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुमे, आधी पाणी पी, मग भांड." मी पाणी प्यायले. राग तसाच आहे.

जेवणाच्या पंगतीत मला तिघी-चौघींनी विचारलं, "तुम्ही कुंदाच्या ऑनलाइन क्लासातल्या का?" एकीला वाटत होतं तू इंग्लिश शिकवतेस. नानांनी तिला समजावून सांगितलं, "कौन्सिलिंग. घरातली भांडणं मिटवतात या." मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. आता ताट पुढ्यात घेऊन कुणाला समजावत बसू, की भांडणं मिटवायला शिकणाऱ्या मुलींच्या मागे बसायचं आमचं काम होतं, आणि पुष्कळदा आम्ही त्यांना 'हे भांडण मिटवू नकोस, होऊ दे' असंच सांगायचो.

गुरुवारी दुपारी शिकाऊ थेरपिस्ट आपल्या घरून फोन लावायची, कुटुंब त्यांच्या घरून यायचं, आणि आपण दोघी, कुटुंबाची परवानगी घेऊन, कॅमेरा आणि माईक बंद करून दोन काळ्या चौकोनांत बसायचो. तू आगाशीच्या पुढे तुझ्या वाडीत, मी विरारला माझ्या फ्लॅटमध्ये. सेशन संपून कुटुंब गेलं की तू कॅमेरा चालू करायचीस. बाकीचे सुपरव्हायझर विचारतात, काय जाणवलं, काय निरीक्षण, तुझा अंदाज काय. तू चष्मा पुसत एकच विचारायचीस. "कोण उठलं?"

नवीन मुलींना कळायचंच नाही. कुठून उठलं? कधी उठलं? मग तू सांगायचीस, सेशन चालू असताना कुकरची शिट्टी झाली असेल, दाराची बेल वाजली असेल, कुणाला पाणी हवं झालं असेल, तेव्हा फोनसमोरून कोण उठून गेलं ते सांग. कोण बसून राहिलं तेही सांग. एक ट्रेनी मुलगा छातीठोकपणे म्हणाला होता, "कुणीच नाही उठलं ताई, सगळे छान एंगेज्ड होते." त्या घरातली बाई अर्धा वेळ फ्रेममध्येच नव्हती. तो तिच्या नवऱ्याशी इतका रंगून बोलत होता की त्याला ती गेलेलीही दिसली नाही आणि आलेलीही दिसली नाही. तू त्याला रागावली नाहीस. म्हणालीस, "आज घरी जेवताना बघ हां." पुढच्या गुरुवारी तो मान खाली घालून बसला होता.

मी तर या ऑनलाइन प्रकाराच्या विरोधातच होते. फोनवर कसली आलीय फॅमिली थेरपी, म्हणायचे. तू म्हणालीस, "क्लिनिकमध्ये सगळी माणसं बसलेली असतात गं. तिथं कुकर नसतो, गॅसवाला येत नाही. सगळी घरं सारखीच दिसतात. खरं घर फोनातूनच दिसतं." इतकी वर्षं मी या धंद्यात, पुस्तकांच्या पुस्तकं वाचली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अजूनही मी कुणाच्या घरी गेले की गप्पांपेक्षा खुर्च्यांकडेच बघते. ही खोड तुझी, आणि ती जाणार नाही. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तोंडावर मानले असते तर तू म्हणाली असतीस, "झालं का तुझं?"

आणि ते आपले जुने सर आठवतात? थेरपिस्टने कुणाचीच बाजू घ्यायची नाही, घरातल्या दुखण्यात सगळ्यांचा हात असतो, असं फळ्यावर गोल काढून शिकवायचे. तू तेव्हा शेवटच्या बाकावर होतीस आणि सगळ्यांना वाटायचं ही वाडीतली बाई गप्प असते. तू उठून म्हणालीस, "सर, ज्या घरात एकच माणूस उभा आहे आणि बाकीचे बसलेत, तिथे आपण मधोमध बसायचं म्हटलं तर बसलेल्यांतच बसणार ना?" सरांनी खडू खाली ठेवला. मी त्याच दिवशी तुझ्याशी मैत्री करायचं ठरवलं, आणि त्याच दिवशी तुला माझा पहिला डबा खायला घातला. तुला साताऱ्याकडचं तिखट झेपलं नाही. नाक पुसत पुसत सगळं संपवलंस.

आता भांडणावर येते. सहा खोल्यांचा बंगला तुझा. वास्तुशांतीला तू मला वरची खिडकीची खोली दाखवली होतीस, इथे माझं टेबल येणार म्हणून. टेबल आलं, त्यावर मुलाचा लॅपटॉप बसला. तू कुठून बोलतेस हे मी एकदा विचारलंच, कारण मधूनच तुझ्याकडे घर्र आवाज व्हायचा आणि तू घाईने माईक बंद करायचीस. तू सरळ सांगितलंस. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. प्लास्टिकची खुर्ची, मागे जुना पडदा चिमट्यांनी लावलेला, कोपऱ्यात मोटारीचं बटण. मी म्हटलं, कुंदाताई, लाज वाटत नाही? मुलींना विचारतेस कोण उठलं, आणि स्वतः घरातून उठून पंपाजवळ जाऊन बसलीस? तू म्हणालीस, "तिथे कुणी येत नाही. मला बरं वाटतं." मी म्हटलं, नानांना सांग, मुलाला सांग, दुपारची ती खोली माझी. तू म्हणालीस, बघू. मी पुन्हा म्हटलं. मग तू जे बोललीस ते मला लागलं, आणि लागावं म्हणूनच तू बोललीस. "तुझं काय गं. तुझ्या घरात हाक मारायला आहे कोण? भिंत?"

मी घटस्फोटानंतर एकटी राहते, माझी फरशी मी पुसते, माझा चहा मी करते, आणि स्त्रीवाद माझ्या घरात सहज मावतो, कारण घरात दुसरं कुणी नाही. हे तुझं म्हणणं मला पटलं की नाही ते मी तुला कधी सांगितलं नाही. अर्धं पटलं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी पुढे वर्षभर भांडत राहिले. मी म्हणायचे, तू मुलींना सोसायला शिकवतेस. तू म्हणायचीस, मी त्यांना बघायला शिकवते. मी म्हणायचे, नुसतं बघून काय होतं? आणि तू म्हणायचीस, "घर मोडायला दोन मिनिटं लागतात सुमे. त्या बाईने नंतर कुठे जायचं ते तू सांगणार आहेस का?" या भांडणाला शेवट नव्हता. मला वाटत होतं, वेळ आहे.

मग तो गुरुवार आला. सेशन आपल्या तेजूचं होतं. तेजू फुलपाड्याला सासरी राहते, दोन खोल्यांत पाच माणसं, म्हणून बिल्डिंगच्या जिन्यात बसून सेशन घेते, आणि वरखाली करणारा प्रत्येक माणूस तिच्या फोनमध्ये डोकावून जातो. तरी आपल्या सगळ्या मुलींत तीच चलाख, हे तूही मानायचीस. समोरचं कुटुंब कळंबचं. सविता म्हणू तिला, खरं नाव तुला माहीत आहे. नवरा, सासू, आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलगी शाळेत तोंडातून अक्षर काढत नाही म्हणून ते आले होते. समुद्राजवळ त्यांची दोन कॉटेजेस, शनिवार-रविवारी पाहुणे, आणि सगळ्या पाहुण्यांचा स्वयंपाक सविताच्या अंगावर. सविता सेशनमध्ये हो आणि नाही याच्या पलीकडे जायची नाही. तेजूने त्या दिवशी धीर करून तुझाच प्रश्न घरच्यांना विचारला, "तुमच्याकडे कुणाला चहा हवा झाला की कोण उठतं?"

 कुणी उत्तर द्यायच्या आत तुझ्या काळ्या चौकोनातून नानांचा खणखणीत आवाज आला. "कुंदाऽ, चाय आनतेस ना?" आणि तुझा आवाज, जो आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता, घरातला, घाईतला. "आनते, दोन मिनिटं." खुर्ची सरकल्याचा आवाज. चपला. माईक बंद करायचा राहून गेला होता.

तेजूचं तोंड उघडं ते उघडंच. आणि सविताची सासू पदर तोंडाला लावून हसायला लागली. "घ्या. घरोघरी मातीच्या चुली." मग सविता हसली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता बोलायला लागली. त्या बाय बी आपल्यासारख्याच की, म्हणाली. मला वाटायचं मॅडम लोकांच्या घरी वेगळं असतं. त्या दिवशी तिने पहाटे उठल्यापासूनचं सगळं सांगितलं, आणि नवरा ऐकत बसला, कारण हसण्याच्या नादात त्याला थांबवायचं सुचलं नाही. एवढं चांगलं सेशन आपल्या कुठल्याच मुलीचं कधी झालं नव्हतं.

तू चहा देऊन परत आलीस तेव्हा कुटुंब गेलं होतं. कॅमेरा चालू केलास, तुला काय झालंय ते कळलं, आणि तू पडद्याला टेकून बसलीस. मग तेजू, ती बारकीशी पोर, जिन्यात बसून, अगदी हळू म्हणाली, "ताई, कोण उठलं?" मला वाटलं तू रागावशील. तू म्हणालीस, "मी उठले." एवढंच. पण हे कळल्यावर आपल्या सगळ्या मुली तुझ्यासाठी जीव टाकायला तयार झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या खेपेला सवितानेच सेशनच्या शेवटी विचारलं, "त्या ताईंना अजून हाक मारतात का हो?" तेजूने तुला विचारलं. दर वेळी सविता विचारायची, दर वेळी तेजू तुला विचारायची, आणि तू म्हणायचीस, बघू. मग पावसाळा संपता संपता एका गुरुवारी तू म्हणालीस, "नाही. आता हाक येत नाही."

मी ऐकत होते. खरंच येत नव्हती, तुझा माईक चालू असला तरी येत नव्हती. मला वाटलं, शेवटी बोललीस तू नानांशी. आपलं भांडण मी जिंकले असं मला वाटलं आणि मी ते तुला सुनावलंही. तू हसलीस. तेजूने ते सविताला सांगितलं. आणि सविताने, कुंदाताई, सविताने दोन-तीन आठवड्यांनी सेशन चालू असताना नवऱ्याची हाक आली तेव्हा मान वळवून सांगितलं, "थांबा जरा. बोलतेय मी." आणि बसून राहिली. तेजूने मला फोन केला तेव्हा ती रडत होती. "मॅडम, ती उठली नाही. सविताताई उठली नाही." त्या महिन्यात त्यांची मुलगी वर्गात पहिल्यांदा हजेरीला 'हजर' म्हणाली. तेजूनेही घरी सांगितलं की गुरुवारी दुपारी ताट वाढून मिळणार नाही, ज्याने त्याने घ्यावं. चार दिवस सासू अबोला धरून होती, मग तिने स्वतःचं ताट घेतलं. हे सगळं तुझ्या त्या एका वाक्यावर उभं होतं. ताईंच्या घरी झालं, मग आपल्याही घरी होऊ शकतं.

तुझ्या जाण्याबद्दल मी लिहिणार नव्हते. लिहिते, थोडंच. आदल्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, छातीत जळजळतंय, पित्त झालं असेल. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा, आत्ता. तू म्हणालीस, नानांची बहीण यायचीय, तिचं जेवण झालं की जाते. ती आली, जेवली, दुपारी आडवी झाली. तिची भांडी तू घासलीस. पुढचं मला तुझ्या सुनेने, प्राचीने सांगितलं आणि ते मला पुन्हा सांगायचं नाही.

दहाव्याच्या जेवणानंतर आम्ही तुझ्या मागच्या ओट्यावर बसलो होतो, नाना, मी आणि तेजू. नाना वाईट माणूस नाहीत. मी कितीही दातओठ खाल्ले तरी नाहीत. त्यांचे डोळे सुजले होते. मला म्हणाले, "तुमचा तो गुरुवार बंद करू नका. कुंदाचा जीव होता त्याच्यात." मी हो म्हटलं. मग ते आत वळून म्हणाले, "प्राचीऽ, चाय आनतेस ना?" तोच सूर, फक्त नाव दुसरं. तेजूने माझ्याकडे बघितलं.

प्राची थर्मास घेऊन आली. बँकेतून सुट्टी घेऊन दहा दिवस राबत होती बिचारी, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने नानांच्या कपात चहा ओतला, आणि सहज, काही मनात न आणता बोलली, "मम्मींची आयडिया. गुरुवारी तुमचं काम असायचं ना, तेव्हा त्या आधीच थर्मास भरून पप्पांच्या शेजारी ठेवायच्या. म्हणजे हाक नको. आता मी रोजच भरून ठेवते, तेवढीच धावपळ कमी."

नानांनी कप तोंडाला लावला. तेजूने तिचा कप खाली ठेवला. प्राची आत गेली, कारण आतून कुणीतरी पाणी मागत होतं.

तर असं. हाक येत नव्हती कारण हाकेच्या आधी चहा येत होता. मी तिथे बसून कावळ्याचा विचार केला. तो का लगेच शिवला ते मला कळलं. त्याच्यासाठीही तू काहीतरी आधीच करून ठेवलं असशील.

आम्ही रिक्षाला चालत निघालो. तेजू पुढे होती. नारळाच्या वाडीपाशी थांबली. "मॅडम, मी सविताताईंना खोटं सांगितलं."

"तुला माहीत नव्हतं बाळा."

"ताईंना होतं."

मी म्हटलं, कुंदाताई खोटं नाही बोलल्या, हाक खरंच येत नव्हती. बोलताना माझं मलाच हसू आलं, अशा कारणाने येतं ते हसू. तेजू नाही हसली. म्हणाली, "त्यांच्याकडे शिक्षण, पेन्शन, एवढं मोठं घर. सगळ्यांना शिकवायच्या. त्यांना नाही जमलं, मग मी कुठल्या जोरावर घरी भांडते? सासू धड बोलत नाही, नवरा टोमणे मारतो. मी रोज मनात म्हणायचे, ताईंकडे पण असंच झालं असेल सुरुवातीला." मी पुष्कळ बोलले. एकटीने पाडायची भिंत नाही ही, असंही बोलले. सगळं बरोबर बोलले. ती मान हलवत राहिली आणि रिक्षा आल्यावर बसून गेली.

आता मला तुझ्याशी भांडायचंय आणि तू नाहीस. मला विचारायचंय, का सांगितलंस? गप्प बसली असतीस, बघू म्हणत राहिली असतीस, तर चाललं असतं. शिकाऊ मुलींना तुझाच नियम होता की घरच्या बाईला आपल्याजवळ नसलेली आशा द्यायची नाही. कंटाळलीस का त्या प्रश्नाला? लाज वाटली का माझी? की तेजूचं तोंड बघून तुला वाटलं, कुठेतरी एका घरी तरी झालेलं असू दे, आपल्या नाही तर नाही? तू थर्मास भरताना काय मनात म्हणत होतीस, हे मला फार वाटतं जाणून घ्यावं. मला वाटतं तू म्हणाली असशील, चला, एक तास तरी सुटला. मला वाटतं तू खूश असशील. त्या मोटारीच्या खोलीत, पडद्यासमोर, तासभर कुणीही न उठवता बसलेली. तोही तास तूच आधी उठून कमावलेला.

आणि मी कोण विचारणारी? माझ्याकडे हाक मारायला भिंत आहे.

काल तेजूचा मेसेज आला. 'मॅडम, मला नाही जमणार आता. घरी परत सगळं पहिल्यासारखं केलंय, शांतता आहे. सॉरी.' मी फोन केला, उचलला नाही. दुसऱ्यांदा केला तेव्हा तिच्या सासूने उचलला आणि ती कामात आहे म्हणाली. बाकीच्या मुलींपैकी एक परीक्षेचं कारण देऊन थांबली, बाकी दोघी पुढच्या महिन्याचं बघू म्हणतात. नानांना मी गुरुवार बंद करणार नाही असा शब्द दिलाय. तो कसा पाळायचा ते मला ठाऊक नाही.

आजच्या गुरुवारी सविताचं सेशन मीच घेतलं. तिला सांगावं तर लागणारच होतं. फोनमध्ये चौघं होती. नवरा खाटेवर, सासू दाराशी, सविता खुर्चीवर आणि तिच्याजवळ स्टुलावर मुलगी. सविताने विचारलं, "तेजूमॅडम कुठं?" मी म्हटलं, त्यांना सध्या जमणार नाही. मग म्हटलं, त्या ताईही आता नाहीत. गेल्या.

"कशानं?"

"छातीत दुखत होतं. पित्त आहे म्हणाल्या होत्या."

"हं," सविता म्हणाली. "आपन पित्तच म्हनतो."

मला वाटलं एवढ्यावर सुटले. मुलीबद्दल विचारायला मी तोंड उघडलं, तर सविता म्हणाली, "मंग आता त्यांच्या घरी चहाला कोन उठतं?"

कुणाला सुचला असता हा प्रश्न? वेळ किती झाली, वय काय होतं, मुलं काय करतात, असं दहा जणांनी मला विचारलं. हे कुणीच नाही. माझ्या मनात आलं, सांगावं, नाना आता स्वतः करतात. तुझ्यासारखंच एक वाक्य टाकावं आणि चालू द्यावं त्यांचं. पण तो थर्मास डोळ्यांसमोर होता आणि माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, "सून."

"पन त्यांच्याकडे तर हाक बंद झाली होती ना?"

मी उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. एवढे महिने आम्ही त्या बाईला शिकवलं की गप्प बसण्यातही माणूस काहीतरी सांगत असतो, आणि ती ते नीट शिकली होती.

तेवढ्यात त्यांच्या अंगणात गाडी वाजली, पाहुणे आले असावेत. नवरा खाटेवरून न हलता म्हणाला, "सविता, बघ गं." गेल्या कितीतरी गुरुवारी ती अशा वेळी 'थांबा जरा' म्हणायची. मी मनात म्हणत होते, म्हण. नुसतं थांबा म्हण.

ती म्हणाली, "आले, दोन मिनिटं." आणि खुर्ची मागे सरकली.

मी बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. नवऱ्याने माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मीही केल्या. आतून सविताने मुलीला हाक मारली, पानी आन गं बाय. सेशन संपवलं, कुटुंब गेलं, आणि मी सवयीने कॉल चालूच ठेवला. तुझा चौकोन उजवीकडे असायचा. कुणी काही विचारलं नाही.

म्हणून मीच सांगते, कुंदाताई. आधी आई उठली. मग मुलगी उठली.